निम्मी पाणीपट्टी

फाल्गुन लागला की किकवीत आमच्या दारावरून एक टेम्पो जातो. टपावर कर्णा बांधलेला आणि त्यातून एकाच बाईचा, आधीच भरून ठेवलेला आवाज. हायवेवरच्या गाड्यांच्या घरघरीत तो अर्धाअधिक वाहून जातो. उरतात फक्त तीन शब्द. घरपट्टी, पाणीपट्टी, थकबाकीदार. रानात गव्हाची मळणी चाललेली असते, भुसा उडून ओट्यावर साचलेला असतो. माझा हात जिथे असेल तिथे थांबतो. तांदूळ निवडत असले तर सुपात, धुणं धूत असले तर पाण्यात.

मग मी उठते, पदराला हात पुसते आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन पैसे भरून येते. खिडकीतली मुलगी हसते. "काकी, तुमचा नंबर दरसाली पयला," म्हणते. मीही हसते. पावती फाडतानाचा तो बारीक आवाज मात्र मला अजून सहन होत नाही.

त्याच्या महिनाभर आधी टीव्हीवर देशाचं अंदाजपत्रक होऊन गेलेलं असतं. माझे धाकटे दीर हायवेलगतच्या एका कारखान्यात आहेत. ते सकाळपासून टीव्हीसमोर बसतात, मोबाईलवर हिशेब मांडतात. करात सूट मिळाली की पेढे आणतात. एका वर्षी पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "वैनी, सूट मिळाली." त्यांच्या मागे टीव्ही चालूच होता. त्यावरचा माणूस सूट हा शब्द मोठ्यानं म्हणत होता, आणि थोड्या वेळानं, आवाज उतरवून, दुसरा एक शब्द. तूट. मग देशाच्या डोक्यावरचं कर्ज आणि ते कुणी कधी फेडायचं, यावर चार माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बसली. दिरांनी चॅनेल बदललं. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

ते कर्ज केवढं असतं, मला कळत नाही. एका गावाची तूट केवढी असते, ते मला ठाऊक आहे.

मार्गासनी सोडून वेल्ह्याच्या बाजूला निघालं की एक फाटा आत डोंगराकडे वळतो. त्या फाट्याच्या शेवटी आमचं जुनं गाव. नाव इथं लिहीत नाही. तिथला फाल्गुन किकवीसारखा नसतो. तिथे राब भाजतात. भाताची रोपं टाकायची जमीन पाला-शेण पसरून आधी भाजून घ्यायची. तो धूर खाचरांवरून सरकत सरकत घरात शिरतो, कपड्यांना लागतो, भाकरीला लागतो. डोंगराच्या कडेला पळस पेटलेला असतो, करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं आलेली असतात आणि त्या सगळ्यावर धुराचा निळसर पडदा. लग्न होऊन मी त्या धुरात आले आणि पंधराएक वर्षं त्यातच राहिले. त्यातली तीन वर्षं मी त्या गावची सरपंच होते.

जागा बाईसाठी राखीव झाली. भोरच्या कॉलेजात मी बी.ए. केलेलं, म्हणून गावानं माझं नाव पुढे केलं. कारभार मालक बघतील असं सगळ्यांनी धरलं होतं. पण आमच्या मालकांचं डोकं गॅरेजात. ते म्हणाले, "सही तुझी, तर डोस्कंबी तुझंच चालव." मला फार बरं वाटलं होतं. पुढे जे झालं ते माझ्या एकटीच्या सहीनं झालं, हेही त्यातच आलं.

निवडणुकीत आम्ही एकच गोष्ट सांगत फिरलो. घरपट्टी निम्मी, पाणीपट्टी निम्मी. माझ्या मनात खोट नव्हती. पट्टी भरायला कोंबड्या विकणाऱ्या बाया मी पाहिल्या होत्या. आपण त्यांच्या डोक्यावरचं थोडं उतरवू, असं खरंच वाटत होतं. आणि गावानं आपल्याला चांगलं म्हणावं अशी एक हावही होती. तेव्हा ती मला दिसत नव्हती.

निवडून आल्यावर ग्रामसेवकांनी मला कार्यालयात बसवून समजावलं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. लांबच्या जिल्ह्यातून आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. आमच्या टेकडीवर पुण्याच्या लोकांचे बंगले झाले होते, बागा, कुंपणं, मोठाली फाटकं. गावाची निम्मी वसुली त्या पंधरा-सोळा बंगल्यांतूनच यायची.

"ताई, सूट सगळ्यांना सारखी दिसते," भाऊसाहेब म्हणाले. "पण पत्र्याच्या घराला कोंबडी सुटते आणि बंगल्याला म्हैस सुटते. म्हैस गेली की गोठा रिकामा."

लहान घरांची पट्टी कमी करा, बंगल्यांची राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. शब्द सगळ्यांना दिलाय, असं मी म्हणाले. शिवाय बंगल्यांवर गावातली पोरं माळीकाम करत होती, बाया धुणंभांडी करत होत्या. त्या लोकांना दुखवायला कुणीच तयार नव्हतं. भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ठराव लिहायला घेतला.

ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात भरली. ठराव वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. त्या ओसरल्यावर मागून, खांबाला टेकून बसलेल्या सखातात्यांनी विचारलं, "मंग पगारपानी आन पंपाचं बिल कशातनं भागवायचं, बाई?"

"वरून निधी येईल, तात्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. लोक हसले. मीही हसले.

सखातात्या गावाला पाणी सोडायचे. नदीकाठच्या विहिरीवरची मोटर चालू करायची, टेकाडावरची टाकी भरली की नाही बघायचं, मग एकेका आळीचा वाल उघडत जायचं. साठीच्या आसपासचे, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. वाल फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर असायची. उजाडताना ती चावी दगडावर टेकवल्याचा खणकन आवाज यायचा आणि थोड्या वेळानं नळ आधी फुसफुसायचा, मग वाहायचा. बाया झोपेतून त्या आवाजानं उठायच्या. पाणी कोण सोडतं, याचा विचार कुणी करत नसे. सूर्य कोण उगवतो, असं आपण तरी कुठे विचारतो.

पहिलं वर्ष फार छान गेलं. आधीच्या लोकांनी थोडी शिल्लक ठेवली होती, ती पुरली. बारशाला, लग्नाला, साखरपुड्याला मला मानाचं बोलावणं यायचं. शेजारच्या गावांतले लोक म्हणायचे, अशी सरपंच आमाला का न्हाई. मग वळवाच्या पावसात ओढ्यावरची पाइप फुटली आणि दुरुस्तीला पैसे काढताना भाऊसाहेबांनी पासबुक माझ्यापुढे धरलं. वरून काही आलं नव्हतं. जे आलं होतं ते दुसऱ्या कामाचं होतं, त्याला हात लावता येत नव्हता. पंपाचं बिल थकलं तर वीज तोडणार होते. पंपाचं बिल किंवा तात्यांचा पगार, दोन्हीतलं एकच भागत होतं.

मी बिल भरायला सांगितलं. वीजवाले थांबत नाहीत. तात्या थांबतील.

त्यांना सांगायला मी स्वतः गेले, एवढं एक खरं. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून ते पाइपला ट्यूबचं रबर गुंडाळत होते. मी काठावरून बोलले. दोन-तीन महिने ओढाताण आहे, मग सगळे एकदम देऊ. त्यांनी वर न बघता रबराला गाठ मारली आणि म्हणाले, "थांबतो की. मला काय."

दोन-तीन महिन्यांचे अकरा झाले.

दर महिन्याच्या सुरुवातीला तात्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. टॉवेल काढून मांडीवर ठेवायचे. माठातलं पाणी पिऊन, अर्धा तास बसून निघून जायचे. मागायचे नाहीत. आधी मी बाहेर येऊन दोन शब्द बोलायचे. मग नुसती दारातून मान हलवायला लागले. नंतर ते बसलेले दिसले की मी कामाचा कागद पुढे ओढायचे. असं करता येतं. माणूस समोर असताना तो नाही असं वागायला शिकता येतं, आणि फारसे दिवसही लागत नाहीत.

दिवाळीनंतर मी सदस्यांपुढे पट्टी पूर्ववत करायचा विषय काढून पाहिला.  एकजण म्हणाला, तोंडातला घास काढून घेतला तर गाव दारात उभं करणार नाही, वरच्या निवडणुका तोंडावर आहेत, आत्ता नको. मला आतून हायसं वाटलं. माझं काम मी केलं, त्यांनी नको म्हटलं, असं मी स्वतःला सांगितलं. ग्रामसभेपुढे मी तो विषय नेलाच नाही.

आणि पाणी येत होतं. रोज, वेळेवर. त्यामुळे गावाला तूट दिसलीच नाही. नळाला पाणी आहे, पट्टी निम्मी आहे, मग अडलंय कुठे? ती तूट एक माणूस रोज उजाडताना खांद्यावर घेऊन गावभर फिरत होता. ती कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नव्हती.

फाल्गुन आला. राब पेटले. वरून वसुलीचा तगादा सुरू झाला, थकबाकीदारांची यादी फलकावर लावा असा आदेश आला. भाऊसाहेबांनी कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि मी खाली खाली सह्या करत गेले. यादी बाहेरच्या फलकावर, त्या बाकाच्या बरोबर वर लागली.

त्यानंतर आठवडाभरानं एका सकाळी नळ आला नाही.

माझा फोन वाजायला लागला. पानी का न्हाई आलं, मोटर जळली का, पाव्हनं आल्यात घरी. किती फोन आले मोजले नाहीत. त्यातल्या एकानंही तात्या कुठं आहेत, असं विचारलं नाही. मीसुद्धा आधी विहिरीवर माणूस धाडला, आणि तो मोटर ठीक आहे म्हणून परत आला तेव्हा तात्यांच्या घरी गेले.

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. उजव्या पायाला फडकं गुंडाळलं होतं आणि खोलीत शिरताच वास आला. वालाच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण महिन्यापूर्वी पायावर पडलं होतं. त्यांना साखरेचा आजार होता, जखम भरत नव्हती. त्यांच्या बायकोनं, सुंदरामावशींनी, फडकं सोडून दाखवलं. पाऊल काळंनिळं पडलं होतं. साखरेच्या गोळ्या दिवाळीपासून बंद होत्या. का बंद होत्या, ते मावशींनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

शेजारच्यांच्या जीपमधून आम्ही त्यांना भोरला नेलं. पुढे मालक, मागे मी आणि मावशी, आणि आमच्या मांडीवर आडवे तात्या. बाहेर डोंगरावर सगळीकडे राबांचा धूर होता. ऊन त्यातून तांबडं येत होतं. तात्या तापानं फणफणले होते, पण बोलत होते. चावी दाराच्या मागं हाय. टाकीला चढताना तिसरी पायरी हलतीय, जपून. मग माझा हात धरून म्हणाले, "बंगल्याकडचा वाल अर्धाच उघडा, बाई. पुरा उघडला तर खालच्या आळीला पानी पोचत न्हाई."

पगाराबद्दल ते बोलतील असं मला वाटत होतं. बोलावं असंही वाटत होतं. सबंध रस्ताभर मी त्याची वाट बघत होते.

भोरहून त्यांना पुण्याला पाठवलं. पाय काढला. पाचव्या दिवशी ते गेले.

गावानं सगळं रीतसर केलं. दहाव्याला वर्गणी निघाली, कुणी मागे राहिलं नाही. पाणीपट्टी थकवलेल्या घरांनीही न मागता पैसे आणून दिले. टेकडीवरच्या बंगल्यांतले एक निवृत्त गृहस्थ मला भेटायला आले. हळहळले. मी त्यांना खरं ते सांगितलं.  मग म्हणाले, "तुम्ही सूट दिलीत, आम्ही घेतली. पूर्वीइतके मागितले असते तर दिले असते. आम्हाला कुणी मागितलंच नाही." खरं असेल, नसेल. मागितलं नव्हतं हे मात्र खरं.

तेराव्यानंतर सुंदरामावशी कार्यालयात आल्या. इकडून तिकडून गोळा करून भाऊसाहेबांनी अकरा महिन्यांचा पगार उभा केला होता. तो आधीही उभा करता आला असता. भाऊसाहेब कागद चाळता चाळता थांबले. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. ती फलकावरच्या यादीची नक्कल होती. मधल्याच एका ओळीत सखातात्यांचं नाव होतं. दोन वर्षांची पाणीपट्टी थकीत. खाली माझी सही.

ज्या माणसाचे अकरा महिन्यांचे पैसे गावाकडे येणं होते, त्याला गावानं थकबाकीदार ठरवून फलकावर लावलं होतं. आणि त्या यादीखालच्या बाकावर तो त्या महिन्यातही येऊन बसला होता. तात्यांना वाचता येत होतं.

भाऊसाहेब हलक्या आवाजात म्हणाले की मावशी, ते राहू द्या, ते आम्ही बघतो. मावशींनी आधी विचारलं, काय राहू द्या. आम्हाला सांगावं लागलं. 

"त्यातनं कापून घ्या," त्या म्हणाल्या. "आन पावती त्येंच्या नावानं फाडा."

मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. पावतीपुस्तक मी हातात घेतलं, त्यांचं नाव घातलं, रक्कम घातली आणि पावती फाडली. मावशींनी ती पोलक्यात ठेवली. त्या फाल्गुनात फलकावरच्या यादीतलं, पाणीपट्टीची पै न् पै भरलेलं ते एकच घर होतं.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. टाळ्या नव्हत्या. मी सांगितलं की अकरा महिने आपण जे पाणी प्यायलो ते तात्यांच्या पगाराचं होतं, आपल्या सवलतीचं नव्हतं. पत्र्याच्या घरांची सूट ठेवू, बाकीच्यांची, बंगल्यांची काढू. बराच वेळ वाद झाला. कुणी म्हणालं, ज्यांनी तूट केली त्यांनी भरावी, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते बरोबरच होतं. तात्यांच्या पगारासाठी माझ्या पाटल्या मी आधीच मोडल्या होत्या, पण ते तिथे सांगण्यात काही अर्थ नव्हता. एक म्हातारे शेतकरी एवढंच म्हणाले की केली कुनीबी, पानी सगळ्यांनी पिलंय. जेमतेम पुरेल इतके हात वर झाले. ठराव मंजूर झाला. बंगल्यांनी निमूट पैसे भरले. पाणी सोडायला नवा माणूस आला, त्याचा पगार कधी चुकला नाही. वर्षभरात सगळं मागचं फिटलं. इतकं सोपं होतं ते. हे सोपं होतं, हाच विचार अजून मला सोडत नाही.

मुदत संपायच्या आत मी राजीनामा दिला आणि मालकांनी गॅरेज हायवेवर आणलं तेव्हा आम्ही किकवीला आलो. लोक अजून म्हणतात, सरपंचबाई चांगल्या होत्या. तेव्हा मी विषय बदलते.

टीव्हीवरच्या वादात माझं काही चालत नाही, मी पडले गॅरेजवाल्याची बायको. पण त्या चौघांपैकी कुणीतरी, कर कमी झाला तर खर्च कुठून भागणार, असं विचारतो आणि बाकीचे हसतात, तेव्हा मला देवळातलं आमचं हसू ऐकू येतं. देशाची तूट इतकी मोठी असते की तिच्यात माणूस दिसत नाही. आमची तूट लहान होती. तिच्यात एकच माणूस होता, तरीही मला तो दिसायला उशीर झाला. इतक्या मोठ्या देशात आज कोण कुठल्या बाकावर टॉवेल मांडीवर ठेवून बसलं असेल?

गेल्या महिन्यात भोरच्या एसटी स्टँडवर सुंदरामावशी भेटल्या. लेकीकडे शिवऱ्याला निघाल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी बाजूला सरकून जागा करून दिली, पिशवीतलं बोर दिलं, पोरांची चौकशी केली. गाडीला उशीर होता. धीर करून मी म्हणाले की मावशी, तात्यांनी एकदा तरी मला मागायला हवं होतं.

"ते न्हाई मागायचे," त्या म्हणाल्या. "बाईंना अडचन हाय, म्हनायचे. म्या आले व्हते एकदा. संक्रांतीचं तुमच्याकडं हळदीकुंकू व्हतं, त्या दिसाला. गोळ्यांपुरतं तरी मागावं म्हनून. दारापातुर आले. आत बाया बसल्या व्हत्या, तुमी हसत व्हता. म्हनलं, सनाच्या दिशी कुठं पैशाचं काढायचं. फिरले माघारी."

 त्या थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "कुकू लावून घ्यायला तरी आत यायला पायजे व्हतं मी. तवा लावत व्हते."

शिवऱ्याकडची गाडी लागली. त्या चढल्या, खिडकीतून हात हलवला.

त्या हळदीकुंकवाचा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. आम्ही वीस-बावीस बाया, सगळ्या नटलेल्या, मी मधोमध. फोटो काढणारी काहीतरी बोलली असावी, आम्ही सगळ्या तिच्याकडे बघून हसतोय. आमच्या मागे दार उघडं आहे. आजकाल दुपारी घरात कुणी नसलं की मी तो फोटो उघडते आणि दोन बोटांनी ते दार मोठं करत जाते. मोठं करावं तसं ते धूसर होतं. दारात कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मग वाटतं, नुसतं ऊन आहे.